हेडमास्तरांचं रजिस्टर

प्रिय पोरी,

परवा कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या समोर चहा घेताना तू विचारलंस, "काका, कायदाच अन्यायाचा असेल तर तो मी का राबवायचा?" भोवती चार वकील मंडळी होती, म्हणून मी विषय बदलला. ते बरं केलं नाही. आता तू उत्तनला न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाला निघशील आणि वर्षभरात स्वतःच्या कोर्टात बसशील, त्याआधी हे लिहितोय.

कायदा वैध असेल तर तुला न पटूनही तो लावावा लागेल. हे मी मनापासून मानतो. पण मानायला मला वीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली. ते शेवटी सांगतो.

तू म्हणशील, शाहू महाराजांच्या गावात वाढून हे सांगता? दसरा चौकातून जाताना मलाही हा प्रश्न पडायचा. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या त्या महाराजांनी. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी १९१८ मध्ये बंद केली तीही त्यांनीच. पण महाराज राजे होते. त्यांनी हुकूम काढले, १९०२ चा तर करवीरच्या गॅझेटात छापून आणला आणि त्यावरून उठलेला विरोध स्वतःच्या अंगावर घेतला. कायदा असा चारचौघांत बदलतो. तुझ्यासमोर येईल ती एका माणसाची फाईल. तिच्यात तू गुपचूप कायदा बदललास तर तो त्या एकट्यापुरता बदलतो. शेजारच्या कोर्टात तसल्याच माणसाला जुनाच कायदा लागतो, कारण तिथला न्यायाधीश तुझ्यासारखा हळवा नसतो. आरोपीचं नशीब कोणत्या दारात उभं केलं यावर ठरायला लागलं, तर त्याला न्याय कसा म्हणायचा?

आधी कायदा पुरता वाच. निम्म्या वेळा आपला राग अर्धवट वाचनातून आलेला असतो. माझी पहिली नेमणूक एका देवस्थानाच्या गावी होती. जत्रेआधी पोलीस भिकाऱ्यांना गाडीत घालून आणायचे. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा तू वाचला असशील. गाणं, नाच, भविष्य सांगणं या निमित्तानं दान मागणं हीसुद्धा त्यात भीकच, म्हणजे आपला वासुदेव आणि पोतराजही त्यात बसतो. पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं संस्थेत डांबायची तरतूद. मी संतापलो होतो. पण त्याच पाचव्या कलमात पुढं लिहिलंय की, ही व्यक्ती पुन्हा भीक मागण्याची शक्यता नाही अशी खात्री पटली तर समज देऊन, बंधपत्रावर सोडता येतं. वय आणि परिस्थिती पाहावी, असंही आहे. एका म्हातारीची चौकशी केली तेव्हा कळलं की तिची लेक दोन स्टेशनं पलीकडं राहते. लेकीला बोलावलं, बंधपत्र घेतलं, म्हातारी घरी गेली. कायद्यानं ठेवलेली वाट होती, ती मी वाचली एवढंच. ज्यांची लेक नव्हती त्यांच्यासाठी ती वाट उघडली नाही, हेही तुला सांगायला हवं. पुढं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातली भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. ज्याच्या हाती तो अधिकार होता, त्यानं तो उघडपणे वापरला.

अन्यायाचा आणि अवैध यांत गल्लत करू नकोस. एखादा कायदा घटनेच्या विरोधात आहे असं तुला खरंच वाटलं, आणि निकाल त्यावरच अवलंबून असेल, तर खालच्या कोर्टालाही रस्ता आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ११३. फौजदारी प्रक्रिया संहितेत जुनं ३९५, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३६. कारणं लिहून प्रश्न उच्च न्यायालयाकडं पाठवायचा. माझ्या अख्ख्या नोकरीत हे करणारे सहकारी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही दिसले नाहीत. कष्ट पडतात, वरिष्ठांच्या नजरेत येतो, म्हणून लोक टाळतात आणि पुराव्यावरच कुरघोडी करून मोकळे होतात. मीही तसंच केलं.

विशेष न्यायालयात असताना पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचं, एक प्रकरण आलं. मुलगी सतरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी, मुलगा एकवीसचा. दोघं पळून गेले, देवळात लग्न केलं. साक्षीला मुलगी आली ती कडेवर लेकरू घेऊन. अठराच्या आत संमतीला अर्थ नाही आणि मुलगी गरोदर राहिली तर तेव्हा किमान शिक्षा दहा वर्षं. (२०१९ पासून ती वीस झाली.) वय सिद्ध करायला गावच्या शाळेचे हेडमास्तर जनरल रजिस्टर घेऊन आले होते. स्वच्छ नोंद, स्वच्छ साक्ष. मी निकालात लिहिलं की रजिस्टर विश्वासार्ह वाटत नाही, वय शंकेपलीकडं सिद्ध होत नाही. मुलगा सुटला. त्या रात्री मी समाधानानं झोपलो.

मी काय करायला हवं होतं? दोषी ठरवून किमान शिक्षा द्यायला हवी होती. ही शिक्षा इथं अन्यायाची आहे असं निकालपत्रात सही करून लिहायला हवं होतं. विधी सेवा प्राधिकरणामार्फत त्याच आठवड्यात अपील जाईल हे बघायला हवं होतं, सरकारकडं शिक्षामाफीची शिफारस करायला हवी होती. तो मुलगा काही काळ नक्कीच आत गेला असता. मी हे सौम्य करून सांगणार नाही.

पश्चिम बंगालच्या अशाच एका प्रकरणात उच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये ती मुक्तता रद्द करून दोषसिद्धी कायम केली आणि त्या मुलीचं म्हणणं समजून घ्यायला तज्ज्ञ नेमले. मे २०२५ मध्ये त्यांनी घटनेचा अनुच्छेद १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा फक्त सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार, वापरून शिक्षा न देण्याचं ठरवलं. तो अधिकार तुला कधीच मिळणार नाही. पण एक पाहा, त्यात कुणाची साक्ष खोटी ठरवावी लागली नाही.

आणि कायदा लावणं अगदीच सहन होईना, तर राजीनामा आहे. १९२२ मध्ये अहमदाबादला स्वतःवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांच्यासमोर दोनच मार्ग ठेवले होते: एक तर पद सोडा, नाहीतर कठोरात कठोर शिक्षा द्या. 'कायदा थोडा वाकवा' असं ते म्हणाले नाहीत. ब्रूमफिल्डनी सहा वर्षं दिली आणि सरकारनं ती कमी केली तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल, असंही भर कोर्टात सांगितलं.

आता ते शेवटचं. दोन वर्षांनी त्याच शाळेतल्या बारा वर्षांच्या मुलीचं प्रकरण माझ्याच कोर्टात उभं राहिलं. आरोपी पन्नाशीचा, शेजारी. तेच हेडमास्तर, तेच रजिस्टर. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलानं माझ्याच निकालाची नक्कल पुढं केली: तुमचं रजिस्टर याच न्यायालयानं नाकारलं होतं, हे खरं ना? ते 'हो' म्हणाले. दुसरा पुरावा भक्कम होता म्हणून ती केस तरली. संध्याकाळी मी निघालो तेव्हा हेडमास्तर व्हरांड्यात थांबले होते, पिशवीत रजिस्टर. म्हणाले, "साहेब, तीस वर्षं मी एकही नोंद खोडलेली नाही. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणजे पुढच्या पोरांचं तरी नीट लिहीन."

मी त्यांना खरं सांगू शकलो नाही.

तुझा,
काका