आई देवभोळी, मी विज्ञान शिकलेला. श्रद्धा आणि बुद्धी एकत्र नांदू शकतात का?

तुम्ही लिहिलंय की आईला मधुमेह आहे, तरी ती नवरात्राचे नऊ दिवस उपास धरते. तुम्ही काहीही सांगितलं तरी "देवी बघून घेईल" एवढं म्हणते आणि विषय संपतो. मी दक्षिण रायगडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं परिचारिका होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विंचवांनी शिकवलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दहा वर्षांची असताना सरपणाच्या ढिगात हात घातला आणि विंचवाने बोटाला नांगी मारली. कळ खांद्यापर्यंत गेली. वडिलांनी उचलून चुलत्यांकडे नेलं. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्या विंचू उतरवायचे. कडुलिंबाचा डहाळा खांद्यापासून खाली फिरवत ते पुटपुटत राहिले. मध्येच विचारायचे, "आता कुठंय बाय? कोपरात आला?" आणि कळ खरोखर कोपरात आलेली असायची. मग मनगटात, मग बोटात. तासाभराने मी त्यांच्या ओटीवरच झोपून गेले. तात्यांनी कधी कोणाकडून पैसा घेतला नाही. दर अमावास्येला ते मंत्र जागवायचे आणि त्या दिवशी कडक उपास करायचे. अशा माणसाला भोंदू म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही.

नर्सिंगला गेल्यावर समजलं की मला चावला तो मोठा काळा विंचू होता, आमच्याकडे त्याला इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, दुखतं खूप, पण माणूस सहसा मरत नाही. काही तासांत कळ आपोआप ओसरते. ज्याच्यावर भरवसा आहे असा माणूस शेजारी बसून "आता कुठंय?" विचारत असेल तर ती आणखी लवकर ओसरते, हेही खरं. मारणारा विंचू वेगळा. तो लहानखुरा, लालसर, कोकणात भरपूर. पण काळ्या विंचवाचे दहा रुग्ण बरे झाले की मंत्राच्या नावावर दहा यश जमा होतात, आणि अकरावा लाल विंचवाचा असतो.

तो अकरावा मी पाहिला. 1983 चा ऑक्टोबर, भातकापणी चालू होती. भारा उचलताना नऊ वर्षांच्या मुलाला चावला. आधी उतरवायला नेला, तात्यांकडे नाही, शेजारच्या गावात एकाकडे. चार-पाच तासांनी आमच्याकडे आणला तेव्हा सदरा घामाने पिळून निघाला होता, उलट्या चालू, आणि हात इतके गार की मी दचकून माझा हात मागे घेतला. पुढे छाती घरघरायला लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. पहाटे गेला.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण बरेच शिकलेले लोक इथेच चुकतात. त्या रात्री आमच्याकडे तरी काय होतं? सलाईन, स्टिरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन. यांतलं एकही या विषावर चालत नाही, तरी जिथे तिथे तेच दिलं जायचं. म्हणजे सवयीने चाललेली श्रद्धा दवाखान्यातही होती, फक्त ती पांढऱ्या कपड्यात होती. 1983 पर्यंत लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत.

मग फरक कुठे पडला? महाडकडे डॉ. हिंमतराव बावसकर हेच रुग्ण तपासत होते. ते रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, घाम, हातापायांचा गारवा तासातासाला टिपून ठेवत. त्या टिपणांतून दिसलं की विषाने आधी रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून त्यांनी प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. 1984 नंतर मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्यावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी आमच्या केंद्रात आली त्यानंतरची पोरं घरी चालत गेलेली मी पाहिली आहेत.

ती गोळी आल्यावर मी तात्यांकडे गेले. विचारलं, "तात्या, आजवर किती उतरवलेत?" म्हणाले, "मोजदाद नाही बाय." "आणि गेले किती?" ते जरा थांबले. "ज्याचा काळ आला तो गेला."

माझ्या लेखी सगळा फरक या एका वाक्यात आहे. आमच्याकडे मेलेल्याची नोंद रजिस्टरात होते. तारीख, वेळ, काय दिलं, काय चुकलं. ती नोंद टोचते, म्हणून उपचार बदलतात. तात्यांकडे गेलेला माणूस कुठेच लिहिला जात नव्हता. त्यामुळे तात्या बुद्धीला कमी नसूनही त्यांचा मंत्र कधी चुकू शकत नव्हता. देवावर विश्वास ठेवणाऱ्याशी माझं भांडण नाही. मी स्वतः ग्रामदेवीची ओटी भरते, आणि तिच्याकडे हिशेब मागत नाही, कारण तिने मला कसलाही वायदा केलेला नाही. पण एखादी श्रद्धा "इंजेक्शन नको, मी पुरेशी आहे" म्हणाली की तिने रजिस्टर दाखवलंच पाहिजे. तिथे मी एक पाऊल मागे येत नाही.

तात्यांना मंत्र सोडा असं मी म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, घाम, उलटी आणि गार हात यातलं एक जरी दिसलं तरी मिनिटभर थांबवायचं नाही, मंत्र जीपमध्ये म्हणा. आठ दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी स्वतः एका बाईला घेऊन आले आणि म्हणाले, "विंचवाचं मी बघितलं. घामाचं तू बघ."

पुढे 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तोही प्रार्थनेला हात लावत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे.

तेव्हा आईशी देवी आहे की नाही यावर बोलू नका. तिची गोळी कोणती ते बघा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात. उलट दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर ती वर चढते. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी तिला डॉक्टरांकडे न्या, उपासाचं मोकळेपणाने सांगा आणि नऊ दिवसांचा डोस ठरवून घ्या. डॉक्टर नको म्हणाले तर ते तिला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या, तुमच्या नाही. घाम सुटला की लगेच साखर-पाणी, उपास मोडला तरी चालेल, हे देवीसमोर बसूनच तिच्याकडून कबूल करून घ्या.

आणि साखर तपासायचं यंत्र आणा. रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा तिलाच तिच्या हाताने वहीत लिहू द्या, हवं तर देव्हाऱ्याशेजारीच ठेवा ती वही.