दुसऱ्याच्या जर्नलातली रीडिंग

बाय, अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसरं वर्ष, शाखा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, आणि येणारा-जाणारा विचारतो, कॉम्प्युटरला का गेली नाहीस? शाखा बदलू का, हे तुझं तू ठरव. मला खटकलं ते वेगळंच. लॅबमधली रीडिंग सीनियरच्या जर्नलातून उतरवतेस, हे तू किती सहज लिहून गेलीस!

स्वतः मोज, बाय.

मीही उतरवली होती. हॉर्न अँटेना, म्हणजे कर्ण्याच्या आकाराचा अँटेना, दहा-दहा अंशांनी फिरवून मीटर वाचायचा होता. एकाने वाचला, आम्ही तिघांनी उतरवला. मार्क पूर्ण मिळाले. पुढे नोकरीत सत्तरी तालुक्यातल्या एका टेकडीवरची 7 गिगाहर्ट्झची लिंक, म्हणजे गावाचे फोन जोडणारा बिनतारी दुवा, जुलैत पडू लागली. मी रोज 'पाऊस' असा शेरा मारायचो. पावसाने लिंक जात असेल, तर सर थांबताच ती परत यायला हवी. आमची ऊन पडलं तरी येईना. मीटर माझ्या पिशवीत होता गं! महिन्याने एका टेक्निशियनने अँटेनाला सिग्नल पोचवणाऱ्या फीडर केबलचा कनेक्टर उघडला, तर आतून पाणी ओघळलं. त्या केबलीतच 20 डीबी जात होते, म्हणजे शंभरातला एक भाग तेवढा अँटेनापर्यंत पोचत होता. महिनाभर गावाचे फोन बंद होते. ते माझ्यामुळे.

क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1948 मध्ये सांगून ठेवलं, की चॅनेलमधून, म्हणजे सिग्नलच्या वाटेवरून, किती माहिती जाईल ते बँडविड्थवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या रुंदीवर) आणि सिग्नल-नॉइजच्या प्रमाणावर ठरतं. सूत्र तुला पाठ असेल. पण तुझ्या चॅनेलात नॉइज किती, ते तुलाच मोजावं लागणार.

लॅबमध्ये यंत्र एकच, नंबर लागत नाही म्हणतेस. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 च्या नोव्हेंबरात सीमेपलीकडच्या रानातून गोवामुक्तीचा गुप्त रेडिओ सुरू केला, तो 1961 पर्यंत चालवला. त्यांना कुठली लॅब होती?

माझे सोबती बेंगळुरूला गेले. मी इथे अडकलो, असं आजही बोलतात. त्या जुलैनंतर माझ्या वाट्याच्या प्रत्येक टेकडीवर मी मीटर घेऊन स्वतः चढलो, कनेक्टर स्वतः उघडले, आणि माझ्या चुकीने पुन्हा कुठलं गाव मुकं झालं नाही. याला अडकणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणोत.

तू एक कर. एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घे, 75 सेंटिमीटर तांब्याची तार लाव. 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची, तिचा हा पाव भाग. एफएमचं एक स्टेशन धर. तार उभी धर, आडवी धर, गच्चीवर ने, माडाखाली ने. दर खेपेला सिग्नलचा आकडा लिही. एकाच रीडिंगवर विश्वास ठेवू नकोस, दोनदा घे. कॉम्प्युटरला गेलीस तरी हे कर.

चवथीला येशील तेव्हा वही आण. खाडाखोड पुसू नकोस, मला तीच बघायची आहे.

तुझा काका