वाचकांचे प्रश्न : युद्धावर बोलण्याचा आपला अधिकार

प्रश्न : आम्ही शाळेपासूनचे दहा-बारा मित्र रोज संध्याकाळी भेटतो. गेले काही महिने युद्धाखेरीज दुसरा विषय निघत नाही. परवा आमच्यापैकी एक जण चिडून म्हणाला, "ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही, त्यांनी युद्धावर बोलूच नये. तुमच्या वादाने रणांगणावरची एक गोळीसुद्धा थांबणार नाही." त्यानंतर सगळे गप्प झाले. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या मित्राने एका दमात दोन वेगळी विधाने केली आहेत. एक अधिकाराविषयी आहे आणि दुसरे उपयोगाविषयी. संध्याकाळच्या चर्चेने गोळी थांबत नाही, हे मी आधीच मान्य करून टाकतो. परंतु त्यावरून बोलण्याचा अधिकारच नाही, असे ठरत नाही. युद्ध सैनिक लढतात. ते पुकारायचे की नाही, हे सैनिक ठरवत नाहीत. तो निर्णय राज्यकर्ते घेतात आणि तो घेताना ते नागरिकांचे नाव घेतात, नागरिकांच्या करांचा पैसा खर्च करतात आणि नागरिकांच्याच घरांतील मुले आघाडीवर पाठवतात. शस्त्रक्रिया कशी करावी हे शल्यविशारदाने सांगावे. ती करून घ्यायची की नाही, हे रुग्णाने ठरवायचे असते. सैनिकाचा अनुभव आपण कान देऊन ऐकला पाहिजे, कारण तोफखाना म्हणजे काय आणि भीती म्हणजे काय हे त्याला जितके कळते तितके आपल्याला कळणार नाही. तरीही युद्धाची किंमत मोजावी की नाही, हा प्रश्न सर्वांचा आहे.

आता उपयोगाविषयी. इसवी सनापूर्वी ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरील मितिलिनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी ते शरण आले. तेव्हा अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत, ज्यात शेतकरी, कारागीर आणि वल्हेकरी असे साधे लोक बसत असत, संतापाच्या भरात ठराव झाला की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायका-मुलांना गुलाम करावे. हा हुकूम घेऊन एक युद्धनौका लगेच रवाना झाली. दुसऱ्या दिवशी लोकांना आपण काय करून बसलो याची टोचणी लागली आणि सभा पुन्हा भरवावी लागली. क्लीऑन या वजनदार पुढाऱ्याने जुना ठराव कायम ठेवावा, असा आग्रह धरला. त्याला उत्तर द्यायला डायोडोटस नावाचा एक नागरिक उभा राहिला. त्याने दयेची भीक मागितली नाही. नगरातील सामान्य जनतेने शस्त्रे हाती येताच नगर आपल्या स्वाधीन केले. तिलाही बंडखोरांबरोबर मारले, तर यापुढे कोणत्याही नगरातील जनता आपल्या बाजूने उभी राहणार नाही आणि बंड करणारे शेवटच्या माणसापर्यंत लढतील, असे त्याने सांगितले. हात वर करून मतदान झाले, मते जवळजवळ समसमान पडली आणि डायोडोटसचा ठराव थोडक्यात मंजूर झाला.

पहिली नौका तोपर्यंत सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे गेली होती. नवा हुकूम घेऊन दुसरी नौका तिच्यामागे धाडण्यात आली. दुसऱ्या नौकेवरच्या वल्हेकऱ्यांनी वल्ही मारतामारताच मद्यात आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, आणि पाळीपाळीने झोप घेतली, म्हणजे वल्ही थांबली नाहीत. पहिल्या नौकेवरचे लोक मात्र असल्या कामगिरीवर जाण्यास उत्सुक नव्हते, ते सावकाश चालले होते. मितिलिनीतला अथेन्सचा सेनापती पहिला हुकूम वाचून त्याची अंमलबजावणी करण्याच्या बेतात असताना दुसरी नौका बंदरात पोहोचली. ही हकिकत मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी माझे मन त्या वल्हेकऱ्यांपाशी थांबते, कारण आदल्या दिवशी ज्या सभेने मृत्यूचा ठराव केला, तिच्यातलेच काही जण कदाचित त्या वल्ह्यांवर बसले असतील.

या गोष्टीचा गौरव करताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंडाचे पुढारी ठरवलेल्या हजारभर माणसांना त्यानंतरही ठार मारण्यात आलेच. त्या सभेत स्त्रियांना आणि गुलामांना स्थान नव्हते. अकरा-बारा वर्षांनी मेलॉस बेटाच्या बाबतीत त्याच अथेन्सने पुरुषांना मारले, बायका-मुलांना विकले आणि त्या वेळी दुसरी नौका गेली नाही. वाद घातला की न्याय होतोच, असे मी म्हणत नाही. वाद पुन्हा उघडण्याची सोय होती म्हणून एक नगर वाचले, एवढेच म्हणतो. तुमच्या मित्रांमध्ये काल मांडलेले मत आज मागे घेणाऱ्याची टिंगल होत असेल, तर ती सोय तुमच्याकडे उरलेली नाही, आणि बंदूक धरली की नाही यापेक्षा मला ही उणीव अधिक गंभीर वाटते.

प्रश्न : आमच्या वादात एक बाजू म्हणते, "त्यांनी आधी हल्ला केला, आता आम्ही काहीही करू शकतो." दुसरी बाजू म्हणते, "नागरिक मेले, म्हणजे युद्धगुन्हा झालाच." कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर आहे?

उत्तर : दोन्ही बाजू चूक आहेत, आणि चूक होण्याचे कारण एकच आहे. युद्ध सुरू करणे योग्य होते का, हा एक प्रश्न आहे. ते कसे लढले जात आहे, हा वेगळा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गाठ सुटली, तर युद्धावरचे निम्मे भांडण मिटेल, असे मला वाटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शोधायचे असते. तिच्या कलम २(४) नुसार दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर करण्यास किंवा तशी धमकी देण्यास मनाई आहे, आणि कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य करते. दुसऱ्या प्रश्नाचे नियम प्रामुख्याने १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत आणि त्यांना १९७७ मध्ये जोडलेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे पूरक करारांमध्ये, आहेत. हे नियम दोन्ही पक्षांना सारखेच लागू होतात. ज्याच्यावर अन्यायाने हल्ला झाला, त्यालाही शरण आलेल्या सैनिकाला मारता येत नाही. म्हणून "त्यांनी आधी केले" हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकते, दुसऱ्याचे कधीच नाही.

आता नागरिकांच्या मृत्यूविषयी. नागरिकांना लक्ष्य करणे हा गुन्हाच आहे. परंतु लष्करी लक्ष्यावरच्या हल्ल्यात नागरिक दगावले, तर कायदा तेवढ्यावरून निकाल देत नाही. हल्ल्यापासून अपेक्षित असलेल्या ठोस आणि थेट लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची संभाव्य हानी अतिरेकी होती का, असे तो विचारतो. यालाच प्रमाणबद्धतेचे तत्त्व म्हणतात. "त्यांची माणसे इतकी मेली आणि आपली इतकीच, म्हणजे प्रमाण बिघडले" असे अनेक जण बोलतात, पण दोन्हीकडच्या मृतांची वजाबाकी म्हणजे प्रमाणबद्धता नव्हे. शिवाय तुलना हल्ला करणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होते आणि काय ठाऊक असायला हवे होते, यावरून करायची असते. रुग्णालयाचे उदाहरण घ्या. शत्रूने तेथून लढाई चालवली, तर रुग्णालयाचे संरक्षण जाऊ शकते. पण चौथ्या जिनिव्हा करारानुसार त्याआधी इशारा द्यावा लागतो, शक्य तेथे वाजवी मुदत द्यावी लागते, आणि संरक्षण गेले तरी आत पडलेला रुग्ण नागरिकच राहतो. "तेथे शस्त्रे होती" हे वाक्य उच्चारल्याबरोबर वाद संपला, असे मानणाऱ्यांनी हे तिन्ही टप्पे तपासावेत.

कायदेशीर ठरलेली प्रत्येक गोष्ट नैतिकदृष्ट्याही योग्य असते, असे मी मानत नाही. पण "युद्धगुन्हा" हा शब्द संतापाच्या भरात सरसकट वापरला, तर खरा युद्धगुन्हा घडतो तेव्हा त्या शब्दात दम उरत नाही.

प्रश्न : युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम आणि तह हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांत फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि त्या फरकावर माणसांचे जीव अवलंबून असतात. "युद्धबंदी" हा शब्द तर मराठीत लढाई थांबण्यालाही वापरतात आणि युद्धात पकडलेल्या सैनिकालाही, त्यामुळे दुसऱ्या अर्थासाठी "युद्धकैदी" म्हणणे मला अधिक स्पष्ट वाटते. युद्धविराम काही तासांचा, एखाद्याच भागापुरता, जखमींना हलवण्यासाठीही असू शकतो. शस्त्रसंधी हा सर्व आघाड्यांवरची लढाई थांबवण्याचा लेखी करार असतो. तहाने मात्र युद्धस्थितीच संपते आणि सीमा, कैदी, भरपाई यांचा निर्णय होतो. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. तह आजतागायत झालेला नाही. "युद्ध संपले" असे कोणी म्हणाले की, यांपैकी नेमके काय झाले, हे आधी विचारावे.

प्रश्न : दररोज फोनवर छायाचित्रे, चित्रफिती आणि मृतांचे आकडे येतात. खरे काय, हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे?

उत्तर : प्रत्येक वेळी ओळखता येणार नाही, पण फसण्याचे प्रसंग पुष्कळ कमी करता येतील. चित्रफीत पाहताना स्फोटाकडे नव्हे, कडेकडेला पाहा. झाडांना पाने आहेत का आणि सांगितलेल्या महिन्यात ती तशी असतात का? पाट्यांवरची लिपी कोणती आहे? सावल्या सांगितलेल्या वेळेशी जुळतात का? जुन्या युद्धाची, भूकंपाची, इतकेच काय संगणकावरील खेळातली दृश्येही ताज्या हल्ल्याची म्हणून पसरवली गेली आहेत. आकड्यांच्या बाबतीत शब्दाकडे लक्ष द्या. "हताहत" म्हणजे मेलेले आणि जखमी मिळून. तो आकडा "मृत" म्हणून पुढे जातो, तेव्हा मृतांची संख्या एका क्षणात अनेक पटींनी फुगते. आकडा कोणी मोजला, त्यात सैनिक आणि नागरिक वेगळे केले आहेत का, हेही विचारावे.

फसवणूक फोनवरच होते असेही नाही. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी एका अमेरिकन युद्धनौकेवर खरोखर हल्ला केला होता. दोन दिवसांनी दुसऱ्या हल्ल्याची खबर आली. त्या रात्री समुद्रावर असलेल्या अधिकाऱ्यानेच काही तासांत कळवले की, विचित्र हवामानामुळे रडारवर उठलेल्या खुणा आणि उतावीळ सोनारचालक (पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र हाताळणारे) यांमुळे बरेच अहवाल चुकीचे असावेत, तेव्हा पुढचे पाऊल उचलण्याआधी संपूर्ण तपासणी करावी. तपासणीसाठी कोणी थांबले नाही. ७ ऑगस्टला अमेरिकन काँग्रेसने अध्यक्षांना बळाच्या वापराची मोकळीक देणारा ठराव केला, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आता त्यांच्याच गुप्तवार्ता यंत्रणेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. ज्यांच्याकडे सर्व साधने होती, त्यांनाही तीन दिवस धीर धरता आला नाही. म्हणून एखादी खबर वाचून रक्त उसळले, तर ती पुढे पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आणि मी एका युद्धावरून इतके भांडलो की, त्याने मला "शत्रूची बाजू घेणारी" म्हटले. तीन महिने आमचे बोलणे बंद आहे. माझे मत मी बदलू शकत नाही. काय करावे?

उत्तर : मत बदलू नका. वर उल्लेखिलेल्या ठरावाविरुद्ध मत देणारे ते दोन सिनेटर, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, १९६८ मध्ये दोघेही आपली जागा गमावून बसले, आणि काँग्रेसने तो ठराव १९७१ मध्ये रद्द केला. आपल्या सरकारच्या युद्धाला विरोध करणारा शत्रूचा होत नाही. तसेच त्याला पाठिंबा देणारा रक्तपिपासू होत नाही. तुमच्या पत्रात तुम्ही भावासाठी जो शब्द वापरला आहे, तो मी येथे छापलेला नाही. पण तो त्याच्या कानावर गेला असेल, तर त्याचे शब्दही त्यातूनच आले असावेत.

त्याला बहुधा असुरक्षित वाटते आहे आणि तुम्हाला अन्याय दिसतो आहे. या दोन्ही गोष्टी एकाच युद्धात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एक कागद घ्या आणि त्याचे म्हणणे त्याच्याच बाजूने, जितक्या प्रामाणिकपणे जमेल तितक्या, दहा ओळींत लिहा. तो वाचून "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. मग त्याला तुमच्या मताविषयी तसेच लिहायला सांगा. तुम्ही थोरल्या आहात, म्हणून पहिला कागद तुमच्याकडून जावा, आणि त्यात तुमच्या मताची एकही ओळ असू नये.