कॅरॅव्हॅन घेऊन सातपुडा, पेंच आणि कान्हा एका आठवड्यात जमेल का?

तुम्ही विचारलंय की परीक्षा संपल्या की मार्चअखेर भाड्याची कॅरॅव्हॅन (झोपायची, बाथरूमची सोय असलेली गाडी) घेऊन इंदूरहून सातपुडा, पेंच, कान्हा ही मध्य प्रदेशातली तीन वाघांची जंगलं आठवड्यात करता येतील का, आणि रात्री गाडी जंगलातच लावून झोपता येईल का, सोबत दोन मुलं आणि आई-बाबा. आम्हीपण इंदूरचेच, रामबागेतले, मुलांना आणि सासूबाईंना घेऊन याच दिवसांत गेलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झोपायचं आधी सांगते, जंगलात नाही झोपता येत. टायगर रिझर्व्हच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव भागात, आपली कुठलीच गाडी नेता येत नाही, फक्त परमिटवाली जिप्सी (सफारीची उघडी जीप), तीत 6 जण आणि सोबत गाईड, आणि अंधाराच्या आत बाहेर यायचं. कोअरबाहेर रस्त्याकडेला झाडं बघून गाडी लावू असंही कृपया करू नका, रात्री तो रस्ता जनावरांचा असतो आणि तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत. गाडी लावायची ती गेटबाहेर एखाद्या होमस्टेच्या किंवा रिसॉर्टच्या आवारात, फोन करून आधी विचारून, आणि विचारताना गाडीची लांबी-उंची सांगा कारण गावातल्या गल्लीत वरच्या वायरी खाली आलेल्या असतात.

आता तीन जंगलं. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्यात तीन करू नका, एकटं सातपुडा करा आणि मुक्काम मढईला ठेवा, म्हणजे सोहागपूरजवळ जिथून सातपुड्याच्या जंगलात शिरतात तिथे. कॅरॅव्हॅन हळूच चालवावी लागते, चालत्या गाडीत कोणी बेडवर आडवं व्हायचं नाही, सगळे सीटवर बेल्ट लावून, त्यात तुमच्या बाबांचे गुडघे दुखतात म्हणताय, मग मटकुली, तामिया, छिंदवाडा, सिवनी करत पेंच आणि तिथून पुढे मंडल्याकडून कान्हा म्हणजे सुट्टी रस्त्यातच जाईल. कान्हा फार सुंदर आहे, 1970 मध्ये तिथे फक्त 66 बारशिंगे उरले होते आणि तिथून ती जात वाचवली गेली, पण त्याला वेगळी सुट्टी काढा. (त्यातले काही बारशिंगे नंतर सातपुड्यातही आणून सोडलेत.)

मढईला जायला कन्नौद, खातेगाव करत नेमावरला नर्मदा ओलांडायची, तिथे सिद्धनाथाचं दर्शन होतं आणि आई-बाबांचे पायही मोकळे होतात, मग हरदा, इटारसी, सोहागपूर. सगळं मिळून 300 किमीच्या आसपास, सकाळी लवकर निघालात तर उजेडात पोचता.

मढईचं वेगळेपण असं की आधी देनवा नदी बोटीने ओलांडायची आणि पलीकडे जिप्सीत बसायचं, मुलांना तिथूनच मजा यायला लागते. मार्चअखेर सागाची पानं गळलेली असतात त्यामुळे आतपर्यंत दिसतं, पळस फुललेला असतो, नदीकाठच्या गवतावर गवे येतात आणि गवा प्रत्यक्षात केवढा असतो हे फोटोत कळतच नाही. आम्हाला अस्वलाची मादी दिसली, पाठीवर दोन पिल्लं घेऊन चाललेली, माझी मुलगी इतकी गप्प मी कधी पाहिली नाही. शेकरू बघितलं, जे महाराष्ट्राचं राज्यप्राणी म्हणून पुण्याची आत्या तिला सांगायची. वाघ नाही दिसला आणि खरंच कोणाला वाईट वाटलं नाही कारण गाईडने मुलांना चितळ आणि वानर सावध झाल्यावर कसे ओरडतात ते शिकवलं होतं आणि दोघं सफारीभर कान देऊन बसले होते. वाघाच्या मागे जिप्सी पळवायला लावू नका, गाईडला सरळ सांगा की आम्हाला सगळं जंगल बघायचंय, तो खूश होऊन दाखवतो. कॅनोइंग आणि चालत सफारीपण आहे, त्याला वयाची अट आधी विचारून घ्या. सासूबाईंना दोन सफारी पुरे झाल्या, बाकी वेळ त्या गाडीच्या छपरीखाली खुर्ची टाकून होमस्टेच्या काकूंशी मोहाच्या फुलांबद्दल बोलत बसायच्या, आणि इथेच कॅरॅव्हॅनचा खरा फायदा आहे, ज्याला थकवा आला त्याला आपला बिछाना आणि आपलं बाथरूम लगेच मिळतं.

मोहावरून आठवलं, या दिवसांत पहाटे फुलं पडतात, गावकरी वेचायला जातात आणि अस्वलंही तीच खायला येतात, तेव्हा मुलांना पहाटे एकटं आवाराबाहेर अजिबात सोडू नका.

गाडीचं म्हणाल तर दुपारी ती पत्र्याची खोली चांगलीच तापते आणि एसी साध्या 5 अँपियरच्या सॉकेटवर चालत नाही, 15-16 चा पॉइंट आहे का, व्होल्टेज टिकतं का हे विचारूनच जागा ठरवा. जंगलाजवळ रात्री जनरेटर लावू नये असं मला मनापासून वाटतं. पाण्याची टाकी इंदूरहून भरून न्या, भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत जमतं ते नदीत किंवा शेतात सोडायचं नाही, टॉयलेटची पेटीपण मालकांना विचारून त्यांच्याच टॉयलेटमध्ये रिकामी करायची. आत परतून-तळून करत बसू नका, दशम्या, चटणी, सेव, गुळपापडी न्या आणि एक वेळ होमस्टेत जेवा. खाणं बाहेर उघडं ठेवलं की वानरं येतात, त्यांना हाताने काही देऊ नका. एक दिवस पचमढीला जायचं झालं तर मटकुलीपुढच्या घाटात ही लांब गाडी नेऊ नका, ती मढईलाच ठेवा आणि टॅक्सी करा.

बुधवारी दुपारची सफारी बंद असते ते धरून तारखा काढा. परमिट ऑनलाइन मिळतं, प्रत्येकाचं नाव ओळखपत्राप्रमाणे टाका आणि तेच ओळखपत्र बरोबर ठेवा. मार्चअखेर गर्दी असते, म्हणून आधी परमिट काढा, मग होमस्टे, आणि कॅरॅव्हॅनचा ॲडव्हान्स सगळ्यात शेवटी द्या.