शहरातल्या पडीक जागेवर परवानगी न घेता चित्रं काढली, बाग केली तर चालेल का?

तुम्ही नागपूरच्या तुमच्या गल्लीतल्या पडीक जागेबद्दल विचारलंय. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातला, शहराचं मला फारसं कळत नाही. पण हे आम्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

करा. अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागा.

आमच्या शाळेमागं कोंडवाडा आहे. गावात ढोरंच कमी झाली, तसं त्याचं काम संपलं. टिनं गेली, फाटक गेलं. उरल्या तीन भिंती, आत बेशरम न् गाजरगवत, रात्री दारू पिणारे. 2018 च्या पोळ्याआधी आम्ही सहा जण आठ दिवस खपलो. बेशरमीची मुळं सब्बलीनं उकरावी लागली. भिंतींना चुना मारला आणि गावात ज्यांच्या दावणीला बैल होते किंवा होऊन गेले, त्यांचे बैल नावानिशी काढले. रंग म्हणजे शिंगं रंगवायच्या वार्निशच्या छोट्या डब्या, घराघरांतून उरलेल्या. त्यामुळे आमचे बैल लाल, हिरवे, चंदेरी झाले.

शेजारच्या आबाजींनी नापिकीच्या वर्षी जोडी विकली होती. ते आले, आपल्या बैलासमोर बराच वेळ उभे राहिले, मग भिंतीवर बोट ठेवून म्हणाले, "कान चुकला ना पोरं हो. उजवा नाई, डावा फाटेल होता." आम्ही तिथल्या तिथं कान सुधारला. नंतर रोज संध्याकाळी म्हातारा तिथं येऊन बसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कोणालाही न विचारता त्याच भिंतीवर पांढरा रंग मारून एका योजनेची घोषणा लिहिली गेली. आबाजींनी त्यानंतर तिकडे येणं सोडलं.

आमचे मोठेबाबा ग्रामपंचायतीत सदस्य राहिलेले. ते आजही म्हणतात, रीतसर परवानगी काढली असती तर कोणी हात लावला नसता. मोठेबाबा, अर्ज दिला होता. आवक क्रमांकाची पोच माझ्या कपाटात आहे. चौदा महिने उत्तर नाही, आणि रंग लावल्यावर आठ दिवसांत तोंडी तंबी! घोषणा लिहिणाऱ्यांना कोणी विचारलं का, परवानगी कुठाय म्हणून?

चंडीगडचे नेकचंद सरकारी नोकरीत रोड इन्स्पेक्टर होते. सरकारी जंगलाच्या जागेत, पाडलेल्या गावांच्या मलब्यातून, फुटक्या बांगड्या-कपबश्यांतून त्यांनी वर्षानुवर्षं लपून मूर्ती घडवल्या. सगळं बेकायदाच. पण 1976 मध्ये तेच रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं आणि 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परवानगीसाठी ते थांबले असते तर आज तिथं नुसती झुडपं असती. हे मी मोठेबाबांना दहादा सांगितलंय.

आता कायद्याचं. तुमच्याकडे 1995 चा मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंध कायदा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागा खाजगी असेल तर मालकाची सही घ्याच. आणि रेल्वेच्या हद्दीत पाय टाकू नका. आमच्याकडं शकुंतलेची, म्हणजे आमच्या जुन्या छोट्या रेल्वेची, स्टेशनं ओस पडलीत, पोरांचे हात शिवशिवतात, पण रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली नुसत्या घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उरलेल्या दोन भिंतींपुढं आता तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी राहतात.

बागेचं एक राहिलं. मार्च ते जून पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरवा. आमची कडुनिंबाची दोन्ही रोपं मे महिन्यातच वाळली.