चिकानो चळवळीतल्या एखाद्या चित्रकार-कार्यकर्त्याबद्दल सांगाल का?

ज्युडी बाका. जन्म १९४६, लॉस एंजेलिस. चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक. हा शब्द आधी हिणवायला वापरत, त्यांच्या हक्कांसाठीच्या चळवळीने तो अभिमानाने मिरवला.

बाकाबाईंचं गाजलेलं काम म्हणजे ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’. पुराचं पाणी वाहून नेणारा काँक्रीटचा कालवा, त्याच्या भिंतीवर सुमारे अर्धा मैल लांब चित्र! १९७६ पासून काही उन्हाळे हे काम चाललं. रंगवणारी ४०० हून अधिक पोरं, त्यातली बरीच पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकलेली. एकमेकांशी वैर असलेल्या वस्त्यांतली पोरं एका भिंतीपाशी उभी करणं, हे मला चित्राइतकंच मोठं काम वाटतं.

त्यातला एक भाग बघाच: हायवे अजगरासारखे वळसे घालत एका कुटुंबाची ताटातूट करतायत आणि वरून बेसबॉलचं स्टेडियम उडत्या तबकडीसारखं उतरतंय. लॉस एंजेलिसमधल्या चावेझ रविन इथल्या मेक्सिकन वस्त्या उठल्या आणि पुढे तिथे खरंच स्टेडियम झालं.

१९७६ मध्येच त्यांनी इतरांसोबत ‘स्पार्क’ ही सार्वजनिक कलेसाठीची संस्था काढली. तिचं ऑफिस कुठे, तर लॉस एंजेलिसच्याच व्हेनिस भागातल्या जुन्या पोलीस चौकीत!