आधी जुनी प्रत जप

ऐरोली

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

महापेच्या कंपनीत बरोबरीच्यांना नवी कामं मिळाली आणि तुझ्या वाट्याला जुन्या कंट्रोल सिस्टिमचं भंगार आलं, असं परवा ठाणे स्टेशनवर तू म्हणालीस. तेवढ्यात लोकल आली, बोलणं राहिलं. म्हणून लिहितोय.

नासाचं व्हॉयेजर १ हे अंतराळयान निघालं १९७७ साली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा सिग्नल येत होता, पण माहितीचा अर्थच लागेना. यान २,४०० कोटी किलोमीटरवर, निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तराला तेवढेच. आज दुपारी विचारलेल्याचं उत्तर परवा सकाळी! १ मार्च २०२४ ला पाठवलेल्या एका कमांडनंतर, माहिती जुळवून पाठवणाऱ्या काँप्युटरची अख्खी मेमरी उतरून आली. बिघाडाआधीची तशीच उतरवलेली मेमरी जपून ठेवलेली होती. दोन्ही ताडून पाहिल्या तेव्हा कळलं, तीनेक टक्के मेमरी गेलीय, बहुधा एका चिपमुळे. चिप बदलायला कोण जाणार? त्या भागातला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचा, तर एवढी सलग जागा कुठेच नाही. मग तुकडे करून ते मिळेल तिथे बसवले, आणि ज्या ज्या ठिकाणी त्या तुकड्यांचा मेमरीतला जुना पत्ता होता तिथे नवा घातला. हे शेवटचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. एक पत्ता राहिला तरी सगळं फसलं असतं. पहिला भाग १८ एप्रिलला पाठवला, आणि २० तारखेला यानाची तब्येत पुन्हा वाचता आली.

आता माझी चूक ऐक. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पीएलसीची, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या काँप्युटरची, बॅटरी बदलायची होती. काळजी म्हणून मी आधी मेन स्विच बंद केला. प्रोग्रॅम त्या बॅटरीवरच तगलेला. बॅटरी काढली आणि मेमरी कोरी झाली. बॅटरी सप्लाय चालू ठेवून बदलायची असते, हे पॅनेलच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मी दार पूर्ण उघडलंच नव्हतं. आधीच्या फिटरने प्रोग्रॅमच्या छापील यादीवर प्रत्येक बदल तारखेसह नोंदवला होता, त्यावरून रात्रभर एकेक ओळ पुन्हा भरली. पहाटे पंप सुरू झाला तेव्हा मला रडू आलं.

तेव्हा सोमवारी गेल्यावर काहीही बदलू नकोस. आधी प्रोग्रॅमची प्रत काढ, नीट वाचता येते का ते तपास, आणि दारामागचं सगळं वाच. ती यादी अजून माझ्याकडे आहे. रविवारी ये, दाखवतो.

तुझा,
काका